नदीकाठची परवानगी

नदीच्या काठी काही बांधावे, ही इच्छा माणसाला फार प्राचीन काळापासून होत आली आहे. काठाला गारवा असतो, पाणी हाताशी असते, जमीन सपाट आणि सकस असते. आजच्या काळात मात्र या इच्छेला कागदांची एक लांब वाट चालावी लागते. महसूल खात्याचा उतारा, नगररचना खात्याचा नकाशा, पाटबंधाऱ्यांच्या अभियंत्याकडून पूररेषेचा दाखला; सांडपाणी सोडावयाचे असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती; नदीत भरतीचे पाणी येत असेल तर सागरी किनारा नियमांची मंजुरी; आणि बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर पर्यावरण खात्याची अनुज्ञाही. अर्जदाराला हा सारा निष्कारण खटाटोप वाटतो. जमीन आपली, पैसा आपला. मग वाटेत इतक्या कचेऱ्या कशासाठी, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एखाद्या कलमात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

कोणत्याही परवानगीत दोन पक्ष दिसतात. एक मागणारा आणि दुसरा देणारा. नदीकाठच्या परवानगीत तिसराही एक पक्ष असतो, परंतु तो कचेरीत हजर नसतो. तो पैलतीरावर राहतो, किंवा दोन कोस खालच्या गावात राहतो. एका काठावर भराव पडला की पुराचे पाणी आटून जात नाही. ते समोरच्या काठावर चढते, नाही तर मागे तुंबून वरच्या वस्तीत शिरते. अर्जावर सही एकाची आणि घरात पाणी दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. नदीकाठच्या परवान्यांचा इतिहास म्हणजे या गैरहजर माणसाला सरकारी कागदावर हळूहळू मिळत गेलेल्या जागेचा इतिहास होय.

या माणसाची जाणीव आपल्या देशात अगदी जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शेतीला दिलेल्या पाण्यावर राजाचा भाग सांगितला आहे; हाताने पाणी आणणाऱ्याला एक पंचमांश, खांद्यावरून वाहून आणणाऱ्याला एक चतुर्थांश, प्रवाह-यंत्राने उचलणाऱ्याला एक तृतीयांश, अशी त्याची श्रेणी आहे. परंतु करापेक्षाही लक्षात राहण्याजोगे दुसरे काही नियम त्या ग्रंथात आहेत. खालच्या अंगाला मागाहून बांधलेल्या तळ्याने वरच्या तळ्याखालचे शेत बुडवू नये. वरच्या अंगाला मागाहून बांधलेल्या तळ्याने खालच्या तळ्याकडे जाणारा पाण्याचा ओघ अडवू नये. जो नंतर आला त्याने आधीच्याचा विचार करावा, हे त्यातील तत्त्व. पुरासंबंधीही त्यात स्पष्ट आज्ञा आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या गावकऱ्यांनी पुराची मर्यादा सोडून दूर राहावे, फळ्या, बांबू आणि नावा जवळ बाळगाव्यात, आणि वाहून जाणाऱ्याला वाचवावे. तरण्याचे साधन असून जो मदतीला धावणार नाही त्याला बारा पणांचा दंड सांगितलेला आहे. म्हणजे पुराला मर्यादा असते आणि ती सोडून राहावे, ही कल्पना काही आधुनिक अभियंत्यांनी प्रथम काढलेली नाही.

महाराष्ट्रातील जुन्या गावांची रचनाही हेच सांगते. वस्तीची ती पांढरी आणि शेताची ती काळी, अशी गावाची वाटणी असे, आणि नदीकाठच्या गावांत पांढरी बहुधा उंचवट्यावर वसलेली आढळते. काठाच्या मळईत पावसाळा सरल्यावर गाळपेर होई. तेथे पीक निघे, पण तेथे कोणी घर बांधीत नसे. जेथे वस्ती अगदी नदीला भिडली, तेथे घाट बांधले गेले. घाटाच्या पायऱ्या पाण्याबरोबर बुडतात आणि पाण्याबरोबर उघड्या पडतात. नदीचा मार्ग त्या अडवीत नाहीत. नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावर आजही शहर पुराचा अंदाज बांधते. त्याच नाशिक जिल्ह्यात आणि खानदेशात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फडपद्धती नांदली. बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने वाटण्याचे काम पाटकरी करी, आणि त्याचा शब्द शेतकरी मानीत. पाणी घेण्यास कोणाची तरी अनुज्ञा लागते, ही गोष्ट तेथे कोणालाही परकी वाटत नव्हती. फरक इतकाच की अनुज्ञा देणारा माणूस त्याच गावाचा असे, आणि ज्याचे पाणी तुटावयाचे तोही त्याच चावडीत बसलेला असे.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. मोठे कालवे निघाले, त्यांना भांडवल लागले, आणि भांडवलाची फेड व्हावी म्हणून नदीच्या पाण्यावर सरकारची सत्ता निर्विवाद असणे आवश्यक झाले. १८७३ च्या उत्तर हिंदुस्थानातील कालवे व जलनिस्सारण कायद्याने, नैसर्गिक प्रवाहाने वाहणाऱ्या सर्व नद्यांचे आणि सरोवरांचे पाणी सार्वजनिक कामासाठी वापरण्याचा व त्याचे नियमन करण्याचा सरकारचा हक्क आपल्या प्रस्तावनेतच नोंदविला. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले ते याच काळात. १८७९ साली मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले. जमीन महसूल संहितेने, जे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाहीत असे नदी-नाले आणि त्यांची पात्रे सरकारची ठरविली. इलाख्याच्या पाटबंधारे कायद्याने, अधिसूचना काढून एखाद्या नदीचे पाणी कालव्यासाठी राखून घेण्याचा अधिकार सरकारला दिला. एका कायद्याने पात्र गेले, दुसऱ्याने पाणी गेले.

काठच्या जमीनमालकाचे हक्क अगदीच पुसले गेले असे मात्र नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने काठच्या मालकाला पिण्यासाठी, घरकामासाठी, गुराढोरांसाठी वाहते पाणी वापरण्याचा स्वाभाविक हक्क मान्य केला. खालच्या काठच्या मालकांची विशेष हानी होणार नाही अशा बेताने शेताला व कारखान्यालाही पाणी घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. हा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. कौटिल्याच्या ग्रंथातील खालच्या तळ्याचा मालक अशा रीतीने इंग्रजी कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरला. मात्र त्याच कायद्याने, नदीच्या पाण्याचे नियमन करण्याचा सरकारचा अधिकार अबाधित ठेवला होता.

या सगळ्या कायद्यांचे लक्ष पाण्यावर होते, जागेवर नव्हते. नदीतून पाणी उपसावयाचे असेल तर परवानगी हवी. नदीच्या पुराची जागा व्यापावयाची असेल तर विचारणारे जवळजवळ कोणी नव्हते. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे की १८७३ च्या आणि १८७९ च्या पाटबंधारे कायद्यांत एक तरतूद होती. नदी-नाल्याचा मार्ग अडल्यामुळे लोकांच्या आरोग्याला किंवा सोयीला बाधा पोचत असेल तर सरकारने अधिसूचना काढून असे अडथळे करण्यास मनाई करावी, आणि झालेले अडथळे दूर करवावेत. तिसऱ्या पक्षाचा कैवार घेणारे कलम कायद्यात अशा प्रकारे पहिल्यापासून होते. परंतु त्याचा उगम कालव्याच्या काळजीत होता, आणि ते ज्या अभियंत्याच्या हाती होते त्याला शहरातील घरांशी कर्तव्य नव्हते. घरांचा कारभार निराळ्या कचेरीत चाले. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ सालचा. त्या विषयावरील तो देशातील पहिला कायदा. त्यानंतर १९५४ चा आणि १९६६ चा, असे कायदे होत गेले. नगररचनाकार रस्ते, चौक आणि बागा आखी. अभियंता पाट आणि चाऱ्या मोजी. नदी दोघांच्याही नकाशावर होती, पण एकाच्या नकाशावर ती उन्हाळ्यातील रेघ होती आणि दुसऱ्याच्या वहीत ती घनफुटांची बेरीज होती. पुरातली नदी कोणाच्याच दप्तरी नव्हती.

तिचे दर्शन १२ जुलै १९६१ रोजी पुण्याला झाले. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण, काम पुरे होत आले असतानाच, त्या दिवशी सकाळी फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही, आणि भर दिवसा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण का फुटले, या प्रश्नाची चौकशी न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक यांच्या आयोगाने केली. परंतु शहराच्या दृष्टीने दुसराही एक प्रश्न होता, आणि तो धरणाच्या चौकशीत मावणारा नव्हता. वर खडकवासल्याचे धरण झाल्यापासून ऐंशी वर्षे मुठा शहरातून वर्षाचे बहुतेक महिने क्षीण धारेने वाहत होती. नदी माणसाळली, असा समज त्यातून होणे स्वाभाविक होते. धरण पुराला काही वेळ थोपविते, काही अंशी कमी करते. परंतु ते नदीची जागा कमी करीत नाही. पात्र कोरडे पडले म्हणजे ते मोकळे झाले, असे मानण्याची किंमत शहराने एका दिवसात मोजली. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि १९६१ च्या पाण्याची पातळी ही पुण्यात एक परिमाण होऊन बसली. १९६६ च्या महाराष्ट्राच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात, विकास आराखड्यात पूरनियंत्रणाचे आणि नदीचे प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव असावेत, असे म्हटले आहे. अभियंत्याची वही आणि नगररचनाकाराचा नकाशा एकमेकांसमोर येण्यास येथून वाट झाली.

देशाच्या पातळीवर हे काम १९७५ साली सुरू झाले. पूरमैदानांची विभागणी करून तेथील बांधकामाचे नियमन करावे, अशा आशयाचा एक नमुना विधेयक केंद्राने सर्व राज्यांकडे पाठविला. पाणी हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय असल्यामुळे केंद्राने फक्त नमुना द्यावा आणि राज्यांनी कायदा करावा, एवढेच शक्य होते. १९७६ साली नेमलेल्या राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० च्या अहवालात याच गोष्टीवर भर दिला. राज्यांचा प्रतिसाद मात्र अत्यंत मंद होता. मणिपूरने १९७८ साली कायदा केला, राजस्थानने १९९० साली, जम्मू-काश्मीरने २००५ साली, उत्तराखंडने २०१२ साली. याचे कारण केवळ अनास्था हे नव्हे. पूरमैदानातील जमिनीला मालक असतात; तिची किंमत शहर वाढते तशी वाढत जाते; आणि न आलेल्या पुरासाठी आज मालकाचा हात धरणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारला सोपे नसते. उत्तराखंडचा कायदा होऊन जेमतेम वर्ष लोटते तोच, जून २०१३ मध्ये, मंदाकिनीच्या खोऱ्यात केदारनाथचा प्रलय झाला. कागदावरील कायदा आणि जमिनीवरील रेषा यांत किती अंतर असते, हे त्या प्रसंगाने साऱ्या देशाला दाखविले.

महाराष्ट्राने निराळा कायदा न करता पाटबंधारे खात्याच्या आदेशाने काम भागविले. १८७९ च्या कायद्याची जागा १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने घेतली होती. १९८९ च्या परिपत्रकाने निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत घालून दिली. नदीच्या पात्राचे ठराविक अंतरावर आडवे छेद मोजावयाचे. पर्जन्यमानाच्या आणि विसर्गाच्या नोंदींवरून पुराचे परिमाण काढावयाचे. प्रत्येक छेदावर ते पाणी किती उंचीपर्यंत चढेल याचा हिशेब करावयाचा, आणि ते बिंदू नकाशावर जोडावयाचे. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. धरणाखालच्या नदीसाठी सांडव्यावरून सुटू शकणाऱ्या पाण्याचाही हिशेब त्यात धरावा लागतो. पानशेतनंतर तो सोडून देणे शक्यच नव्हते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तेथे शेती, बाग, खेळाचे मैदान असावे, घर नसावे. निळ्या आणि तांबड्या रेषांमधील पट्टा नियंत्रित. तेथे पुरेशा उंचीवर जोते घेऊन आणि इतर अटी पाळून बांधता येते. अर्जदाराला जो पूररेषेचा दाखला मागितला जातो, तो याच रेषांचा.

या रेषांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की पुढील पंचवीस वर्षे न येणारा पूर, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ, दर वर्षी तो येण्याची शक्यता पंचविसात एक, एवढाच आहे. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. पंचवीस वर्षे एका जागी राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदा तरी गाठील, याची शक्यता शंभरात चौसष्ट इतकी आहे. तांबड्या रेषेचा, म्हणजे शंभर वर्षांचा पूर, तीस वर्षांच्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस. घरासाठी कर्ज काढणारा मनुष्य वीस-पंचवीस वर्षांचे हप्ते मान्य करतो. तेवढ्याच मुदतीचा नदीचा हप्ता मात्र त्याच्या हिशेबात नसतो. आणखी असे की रेषा जुन्या नोंदींवर आखलेली असते. वरच्या अंगाला डोंगर उघडे झाले, शहरात जमीन सिमेंटने झाकली गेली, तर तेवढ्याच पावसाचे पाणी नदीत अधिक आणि लवकर येते. रेषा अशा वेळी कागदावर स्थिर राहते आणि नदी तिच्या बाहेर चालू लागते.

नियमांना माघारही घ्यावी लागली आहे. नदीकाठी प्रदूषक उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २००० साली आणले, २००९ साली त्यात फेरबदल केले, आणि २०१५ साली ते मागे घेतले. एका बाजूला उद्योगांची निकड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची निर्मळता, या दोहोंत तोल सांभाळणे किती कठीण आहे, याची ही साक्ष होय.

मग परवानगी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला काय? याचे उत्तर हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या काठी घडलेल्या प्रकरणाने दिले. कुलू-मनालीच्या बाजूला नदीलगतच्या वनजमिनीवर एका विश्रामगृहाच्या कंपनीने जागा व्यापली. १९९३ साली केंद्र सरकारची संमती आणि १९९४ साली भाडेपट्टा, असे दोन्ही कागद तिला मिळाले. पुढे नदी विश्रामगृहाच्या अंगावर येऊ लागली, तेव्हा यंत्रे लावून प्रवाहच वळविण्याचा खटाटोप झाला. १३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती संमती आणि तो भाडेपट्टा दोन्ही रद्द केले. नदी, तिचे काठ, वने आणि हवा ही सरकारची खासगी मालमत्ता नसून जनतेच्या वतीने सांभाळावयाची ठेव आहे. विश्वस्ताला ती कोणा एकाच्या खासगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १८७९ साली पात्र सरकारचे झाले. सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आतच सरकार त्याचे मालक नसून विश्वस्त आहे, असे ठरले. गैरहजर माणसाला न्यायासनापुढे मिळालेली ही सर्वांत मोठी जागा होय.

त्यानंतरही नदीने आपली आठवण देणे थांबविलेले नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि जिला अनेक मुंबईकर नाला समजत होते ती मिठी ही नदी आहे, हे त्या दिवशी शहराला कळले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्लीतील यमुनेच्या पूरमैदानात बांधकामास मनाई केली. तेथेही आधार पंचवीस वर्षांच्या पुराचाच होता. ऑक्टोबर २०१६ च्या आदेशाने गंगा आणि तिच्या उपनद्यांच्या पूरमैदानांना तसेच संरक्षण देण्यात आले. जुलै २०२३ मध्ये यमुना दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. १९७८ सालचा उच्चांक २०७.४९ मीटरचा होता. त्या पाण्याने प्रथम ज्यांना उठविले ती नदीच्या पात्रात झोपड्या करून राहणारी आणि तेथेच भाजी पिकविणारी माणसे होती. त्यांतील बहुतेकांनी कधी कोणत्या कचेरीत अर्ज केला नव्हता. ज्याच्याजवळ पैसा असतो तो भराव घालतो आणि जोते उंचावतो. ज्याच्याजवळ नसतो त्याच्याकडे ते पाणी जाते.

म्हणून या कागदांच्या वाटेचे मोल अर्जदाराला झालेल्या त्रासावरून ठरविता येणार नाही. वाट विनाकारण लांब असेल तर ती आखूड करावी. एकच मोजणी तीन कचेऱ्यांनी करू नये. पूररेषेचा नकाशा घेणाऱ्याला जमीन घेण्यापूर्वीच पाहावयास मिळावा, विकत घेतल्यानंतर नव्हे. हे सारे करणे सरकारचे कर्तव्य आहे. परंतु दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने समोर बसलेल्या माणसाबरोबर पैलतीरावरील माणसाचाही विचार करावा, ही अपेक्षा मात्र आखूड करता येणार नाही. नदीला अर्ज करता येत नाही, आणि पैलतीरावरील माणसाला आपल्यासंबंधी अर्ज झाला आहे हे ठाऊकही नसते. त्या दोघांच्या वतीने बोलणारी नकाशावर एकच गोष्ट आहे. ती म्हणजे ही रेषा.